भीमाशंकरची यष्टी, एकास सत्त्याऐंशी

आंबेगाव आणि जुन्नर या आमच्या दोन्ही तालुक्यांत आजवर रेल्वेचा रूळ पडलेला नाही. पुणे–नाशिक रेल्वेची चर्चा ऐकता ऐकता आमच्या पिढीचे केस पांढरे झाले. भीमाशंकरला नागफणीच्या कड्यावर उभं राहिलं की खाली कोकण दिसतं. कर्जत स्टेशनात उतरून खांडसमार्गे, शिडी घाटाने नाहीतर गणेश घाटाने वर येणारे हौशी लोक पूर्वीपासून आहेत. पण आम्ही वरचे लोक देवाला जायचो ते मंचर, घोडेगाव, डिंभे या रस्त्याने, आणि यष्टीने. (कागदोपत्री एस.टी., तोंडात यष्टीच!)

असं असताना मी खेळण्यातल्या रेल्वेवर का लिहितोय, असं नात्यातली मंडळी विचारतील. कारण माझा पुतण्या. त्याने घरातल्या एका खोलीत रेल्वेचा देखावा मांडायला घेतलाय. पुढे कर्जत स्टेशन, मागे सह्याद्रीची भिंत आणि अगदी वर भीमाशंकरचा एस.टी. स्टँड. रूळ, डबे, सिग्नल सगळं मापात मिळालं. अडलं ते यष्टीपाशी. फोनवर म्हणाला, "काका, आपली जुनी लाल गाडी किती लांब होती हो? बाजारातली एकही मापात बसत नाही."

मी शाळेत इतिहास-भूगोल शिकवला. नकाशाचं प्रमाण मुलांच्या डोक्यात उतरवण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे हा प्रश्न मला माझ्याच विषयातला वाटला, आणि मी त्याच्या मुळाशी जायचं ठरवलं.

रेल्वेच्या मॉडेलात सगळ्याचं माप रुळांवरून ठरतं. इंग्लंडात 'ओ' नावाच्या मापात खऱ्या एका फुटाला ७ मिलिमीटर धरत, म्हणजे प्रमाण साधारण १:४३. त्याच्या निम्मं ते 'एच-ओ', हाफ ओ. फुटाला साडेतीन मिलिमीटर, म्हणजे १:८७. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ला सुरू झालं, ते याच एच-ओ मापाचं. आगगाड्यांच्या जोडीला तिथे रस्ते, मोटारी, सर्कससुद्धा आहे. नातवंडांना घेऊन अजून गेला नसाल तर जरूर जा.

आता गंमत बघा. ओतीव धातूच्या मोटारी जमवणारे लोक आजही १:४३ हे प्रमाण मानतात. हा आकडा मोटारींतून आलेला नाही, तो रेल्वेकडून आलाय! मेकॅनो काढणाऱ्या फ्रँक हॉर्नबीच्या कंपनीने १९३३च्या सुमारास आपल्या खेळण्यातल्या रेल्वेला शोभा म्हणून छोट्या मोटारी काढल्या. १९३४मध्ये त्यांना 'डिंकी टॉइज' हे नाव मिळालं. म्हणजे खेळण्यातली मोटार जन्मली तीच रेल्वेची पाठराखीण म्हणून. पुढे मुलांना तीच जास्त आवडली आणि ती स्वतंत्र झाली. स्वतंत्र झाल्यावर माप सैल झालं.

ते किती सैल झालं याचं उदाहरण म्हणजे 'मॅचबॉक्स'. लेस्नी कंपनीने १९५३ सालापासून काड्यापेटीएवढ्या खोक्यात बसतील अशा गाड्या काढल्या. इथे माप ठरवलं खोक्याने. लंडनची दुमजली बस त्या खोक्यात बसवायची तर ती साधारण १:१५०च्या आसपास जाते, आणि त्याच मालिकेतली छोटी मोटार १:७०च्या. शेजारी शेजारी ठेवल्या तर मोटारीचा ड्रायव्हर बसच्या ड्रायव्हरच्या दुप्पट उंचीचा निघेल. १९६८ला अमेरिकेत 'हॉट व्हील्स' आली आणि मुलांना वेग हवासा झाला. मग चाकंही बदलली, पळायला सोपी पण दिसायला खोटी.

आपल्याकडे कलकत्त्यात १९६०च्या दशकाच्या अखेरीला डिंकीच्या जुन्या साच्यांतून 'निकी टॉइज' निघू लागली. पण साचे इंग्रजी, म्हणून गाड्याही बहुतेक इंग्रजी. घोडेगावच्या रस्त्यावर जी गाडी कधी आलीच नाही ती मुलांच्या हातात, आणि जी रोज धुरळा उडवत जायची तिचा पत्ता नाही.

प्रमाणाखेरीज दुसरी अडचण धातूची. वितळलेलं जस्त दाबाने साच्यात भरतात. त्यात थोडं ॲल्युमिनियम वगैरे असतं. ते साच्याच्या कानाकोपऱ्यांत पोचायला हवं आणि तुकडा न मोडता बाहेर निघायला हवा, म्हणून फार पातळ काही ओतता येत नाही. समजा खिडकीचा खांब १ मिलिमीटर जाड आला. एच-ओ मापात तो झाला ८७ मिलिमीटर, जवळजवळ नऊ सेंटिमीटर. त्यावर रंगाचा थर. चाक ३ मिलिमीटर रुंद असेल तर खऱ्या मापात २६ सेंटिमीटर, मोटारीच्या मानाने रोडरोलरच म्हणायचा. खरी ॲम्बॅसेडर सव्वाचार मीटरहून थोडी जास्त लांब. एच-ओत ती ५ सेंटिमीटर हवी. बाजारात सर्रास मिळणाऱ्या १:६४ मापात ती पावणेसात सेंटिमीटर होते. कर्जत स्टेशनाबाहेर अशी टॅक्सी उभी केली की शेजारचा डबा बिचारा अंग चोरून उभा असल्यासारखा दिसतो.

रेल्वेवाले मात्र आपण तेवढे काटेकोर म्हणून मिरवतात. त्यांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. इंग्रजी इंजिनं आकाराने लहान, त्यांत त्या काळची मोटर बसेना, म्हणून त्यांनी इंजिन १:७६चं केलं आणि रूळ १६.५ मिलिमीटरचे, एच-ओचेच ठेवले. आपली ब्रॉडगेज तर १,६७६ मिलिमीटरची. एच-ओत तिचे रूळ १९ मिलिमीटरहून जास्त अंतरावर हवेत. पण तयार मिळतात ते १६.५चेच, कारण ते युरोपच्या १,४३५ मिलिमीटरच्या रुळांवरून बेतलेले. म्हणजे पुतण्याचं कर्जत स्टेशनही रुळांपाशी थोडं खोटंच आहे.

पण दोन्हींत फरक आहे. रेल्वेवाल्याला आपण कुठे आणि किती तडजोड केली हे ठाऊक असतं, कारण खरा आकडा नोंदलेला आहे. आमच्या यष्टीचं तसं नाही.

१ जून १९४८ला पुणे–अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) मार्गावर पहिली एस.टी. धावली. बेडफर्डची गाडी, तीस आसनं, लाकडी सांगाडा, काथ्याची बैठक. सुरुवातीला बेडफर्ड, शेवरोले, स्टुडबेकर, मॉरिस, अल्बियन, लेलँड असे नाना कंपन्यांचे सांगाडे होते. पुढे लाकूड गेलं, धातूची बॉडी आली, लाल रंग आला. आणि मुख्य म्हणजे चासी टाटा किंवा लेलँडची घेऊन वरची बॉडी महामंडळ आपल्याच कारखान्यांत बांधू लागलं. पुण्याजवळचं दापोडी त्यांपैकीच. परदेशी खेळणीवाल्याला मोटार कंपनीकडून नकाशा मिळतो. दापोडीत बांधलेल्या गाडीचा नकाशा मागायला कोण जाणार? म्हणून खेळणीवाला अंदाजाने लाल डबा करतो. लांबी आखडतो, रुंदी तेवढीच ठेवतो, दोन-तीन खिडक्या गाळतो.

मी पुतण्याला सांगितलं, गाडी अडीच मीटर रुंद आणि दहा मीटर लांब धर. म्हणजे २९ मिलिमीटर रुंद, ११५ मिलिमीटर लांब. त्याच्याकडची खेळण्यातली साडेसात सेंटिमीटरची, म्हणजे लांबीने १:१३३. ती खाली स्टेशनाजवळ चालणार नाही, पण वर भीमाशंकरच्या स्टँडवर खुशाल ठेव. लांबची वस्तू लहानच दिसते, तिथे तिच्या लहानपणाचा उपयोगच होईल. खालची मात्र पुठ्ठ्याची का होईना, हाताने कर, आणि खिडक्या मोजून कर.

खिडक्या मोजायला गाडी कुठून आणायची? त्या काळच्या गाड्या केव्हाच भंगारात गेल्या. उरलेत फक्त फोटो. फोटोतून माप काढणं अवघड नसतं. गाडीच्या दारात माणूस उभा असला आणि त्याची उंची ठाऊक असली की बाकीचं त्रैराशिक आहे.

आगगाडीचा इतिहास लिहायला इंजिनांची नोंद आहे, संग्रहालयं आहेत. आमच्या दोन तालुक्यांचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास यष्टीत बसून गेला. शाळेला, बाजाराला, यात्रेला, बाळंतपणाला, सगळे तिच्यातूनच गेले. तिची लांबी सांगता येत नाही ही गोष्ट माझ्यातल्या इतिहासाच्या मास्तराला खुपते.

तेव्हा मंडळी, एक विनंती. घरातले जुने अल्बम काढा. आत्याच्या लग्नाचं वऱ्हाड, शाळेची सहल, श्रावणातलं भीमाशंकर, कशातही मागे यष्टी उभी दिसली तर तो फोटो मला पाठवा. साल आणि दारात कोण उभं आहे तेवढं मागे लिहा. बाकीचा हिशेब मी आणि पुतण्या करू.