फायरबॉल
दोन नाविकांची हलकी शर्यती शीडहोडी. ब्रिटिश रचनाकार पीटर मिल्न यांनी ती १९६२ मध्ये रेखाटली. लांबी ४.९३ मी.; सांगाड्याचे किमान वजन ७९.४ किग्रॅ., त्यामुळे ती मोटारीमागच्या ट्रेलरवर सहज नेता येते. मूळ आराखडा घरी होडी बांधणाऱ्यांसाठी होता. प्लायवुडचे पत्रे सपाट कापून एकाच दिशेला वाकवायचे आणि कडांशी जोडायचे. दुहेरी वक्रतेचे अवघड काम त्यात नाही. रचनेचे खरे सामर्थ्य या साधेपणात आहे. पुढे काचतंतूंचे सांगाडेही आले. नाळ टोकदार नसून चपटी, आखूड छाटलेली असते. वारा जोरात असला की होडी पाणी कापण्याऐवजी त्यावरून घसरत धावते. मधली फळी वर उचलता येत असल्याने उथळ किनाऱ्यावर आणि ट्रेलरवर अडचण होत नाही. पुढचा नाविक डोलकाठीच्या तारेला लटकून शरीर बाहेर झोकतो व तोल राखतो.

१९८२ च्या आशियाई खेळांतील शीडहोड्यांच्या शर्यती दिल्लीत नव्हे, मुंबईच्या समुद्रात झाल्या. तेथे फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल वर्गात भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. महाराष्ट्राच्या क्रीडा-इतिहासात या विजयाची नोंद ठळकपणे व्हायला हवी.