संसारी स्त्रियांची भूमिगत लढाई

युद्धातील हेर स्त्रिया म्हटल्या की आपल्या डोळ्यांपुढे विलायतेतील कथा उभ्या राहतात. त्या खोट्या नाहीत. बडोद्याचे थोर गवई हजरत इनायत खाँ यांची कन्या नूर हिला इंग्रजांनी जून १९४३ मध्ये जर्मनांनी बळकावलेल्या फ्रान्सात उतरविले. पॅरिसमधून ती बिनतारी यंत्राने लंडनला गुप्त संदेश धाडी. पुढे ती पकडली गेली आणि सप्टेंबर १९४४ मध्ये डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली गेली.

त्याच जून महिन्यात, ७ तारखेस, आपल्या पुणे–मिरज लोहमार्गावर शेणोलीजवळ तुफान सेनेने पगाराची रक्कम नेणारी गाडी लुटली. नूर ज्या सरकारसाठी जिवावर उदार झाली, त्याच सरकारविरुद्ध इकडे शेतकऱ्यांच्या लेकीसुना लढत होत्या! इतिहास असा चमत्कारिक आहे. दोघींनाही मी वंदन करते. मात्र नूरला पदक मिळाले, इकडच्या पुष्कळ जणींची साधी नोंदही झाली नाही.

भगिनींनो, मुळशीकरांना सरकारशी झुंज नवी नाही. १९२१ च्या धरणविरोधी सत्याग्रहात आपल्या मावळातल्या बायाही उतरल्या होत्या, आणि १९२४ मध्ये सेनापती बापटांनी बांधकामाची रेल्वे अडविली ती याच भूमीत. पण बायांची ती झुंज उघड्यावरची होती. १९४२ नंतरच्या लढ्यात लपणे हेच बळ ठरले. मुंबईत बावीस वर्षांच्या उषा मेहता सतत जागा बदलत काँग्रेसचा गुप्त रेडिओ चालवीत होत्या. नोव्हेंबर १९४२ मध्ये त्या पकडल्या गेल्या आणि १९४६ पर्यंत तुरुंगात राहिल्या. साताऱ्याकडे क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. तेथे शत्रू सीमेपलीकडे नव्हता. तो गावच्या चावडीतच बसलेला होता.

नाना पाटलांची कन्या हौसाताई तेव्हा विशीच्या आतल्या. वडील भूमिगत, सरकारने घरदार व जमीन जप्त केलेली, आई लहानपणीच गेलेली. पदरी तान्हे मूल होते, तरी त्या तुफान सेनेच्या कामात शिरल्या.

१९४३ मधली भवानीनगरच्या पोलीस ठाण्यापुढील हकीकत मला फार विलक्षण वाटते. नवऱ्याच्या सोंगातला एक कार्यकर्ता दारू प्यायल्याचा बहाणा करून हौसाताईंना शिव्या देतो, मारतो, दगड उचलून जिवे मारण्याची धमकी देतो. त्या आकांत करतात. भावाच्या सोंगातला दुसरा समजूत घालतो. पोलीस बाहेर धावले. नवरा-बायकोचे भांडण, मिटवावे आणि ब्याद घालवावी, एवढेच त्यांच्या मनात. ते या मंडळींत गुंतले असताना साथीदारांनी मागून ठाण्यातल्या बंदुका व काडतुसे लांबविली.

जरा विचार करा. भर रस्त्यात बाईला मार बसणे इतके नित्याचे होते की पोलिसांना संशयच आला नाही! आपल्या समाजाची ही लाजिरवाणी सवय त्या मुलीने हत्यार म्हणून वापरली. हे धाडस मला बंदूक चालविण्याहून मोठे वाटते. बंदुकीत मान असतो. येथे चारचौघांत मानहानी पत्करायची होती.

पुढे १९४४ मध्ये गोव्यात शस्त्रे आणावयास गेलेले बाळ जोशी पोर्तुगिजांच्या हाती सापडले. त्यांच्याशी संधान बांधण्यास हौसाताई पणजीच्या तुरुंगात बहीण म्हणून गेल्या. सुटकेचा बेत लिहिलेली चिठ्ठी होती अंबाड्यात. भाकरीच्या टोपलीत, ओटीत, अंबाड्यात काय आहे हे शिपाई सहसा पाहत नसत. आपल्या बायांना ते पक्के ठाऊक होते. परतीच्या वाटेवर पहारे होते, म्हणून रात्री मांडवी ओलांडावी लागली. त्यांना विहिरीत पोहता येई, पण मांडवी म्हणजे विहीर नव्हे. एका लाकडी पेटीच्या आधाराने त्या पैलतीरी गेल्या आणि तेथून रानावनातून पायी घर गाठले.

सप्टेंबर २०२१ मध्ये हौसाताई वारल्या. नव्वदी उलटल्यावरही भवानीनगरची गोष्ट त्या रंगवून सांगत. आणि सोंग खरे वाटावे म्हणून बसलेला तो मार जरा जास्तच होता, ही तक्रारही त्यांनी सोडली नव्हती.