सिकलसेलचं लाल कार्ड आहे? मग लघवीतलं अल्ब्युमिन तपासलंय का?

धानोरा (जि. नंदुरबार) : भिल्ल, पावरा, मावची, कोकणा समाजाच्या आपल्या जिल्ह्यात सिकलसेल हे नाव आता नवीन राहिलेलं नाही. हातपाय ठणकणं, सांधे सुजणं, रक्त कमी होणं हे बहुतेकांना माहीत आहे. पण हाच आजार किडनीही खराब करतो, आणि तेही वर्षानुवर्षं काहीही न दुखता. त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

ऑक्सिजन कमी पडला की सिकलसेलच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. किडनीच्या आतल्या भागात ऑक्सिजन मुळातच कमी आणि क्षार जास्त असतात. तिथे पेशी वाकून बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. हे नुकसान लहानपणीच सुरू होतं.

पहिली खूण म्हणजे किडनीला पाणी राखून ठेवता येत नाही. लघवी फिकट आणि वारंवार होते, मोठी मुलंही रात्री अंथरूण ओलं करतात. अशा मुलाला रागावू नका आणि संध्याकाळपासून त्याचं पाणी तर अजिबात तोडू नका. शरीरात पाणी कमी पडलं की पेशी आणखी वाकतात आणि दुखण्याचा झटका येतो. ऊसतोडीला गुजरातकडे जाणाऱ्यांनी पाण्याचा कॅन फडातच जवळ ठेवावा.

कधी लघवी लाल किंवा काळ्या चहासारखी होते. ते रक्त असू शकतं. पिवळं कार्ड असलेल्या वाहकांनाही असं होतं. वाहकाला एरवी सहसा त्रास नसतो, पण "मी तर नुसता वाहक" म्हणून घरी थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

खरी फसगत रक्ताच्या रिपोर्टमध्ये होते. किडनीसाठी सगळीकडे क्रिएटिनिन बघतात. सिकलसेलच्या रुग्णात सुरुवातीला किडनी गरजेपेक्षा जास्त गाळते, त्यामुळे हा आकडा कमीच येतो. समजा, तो एरवी ०.५ असायचा आणि आता १.० आला. लॅबच्या कागदावर तो नॉर्मलच दिसेल, पण त्या माणसासाठी तो दुप्पट झालेला असतो. म्हणून जुने रिपोर्ट फेकू नका, एका पिशवीत ठेवा आणि दरवेळी सोबत न्या.

क्रिएटिनिनच्या आधी बिघाड दाखवते ती लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन. किडनीची चाळणी बिघडली की ते लघवीत गळतं. वयाच्या १० व्या वर्षापासून ही तपासणी दरवर्षी व्हायला हवी. सकाळची पहिली लघवी दिलेली चांगली. गळती सापडली तर ती कमी करणारी गोळी डॉक्टर देतात. ती बीपीच्या गोळ्यांपैकीच असते. गरोदरपणात ती चालत नाही, त्यामुळे दिवस राहिले असतील तर आधी सांगा.

आता दुखण्याच्या इंजेक्शनबद्दल. झटका आला की गावात डायक्लोफेनॅक टोचून घ्यायची सवय आहे. आराम पडतो, हे खरं. पण डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही औषधं किडनीला जड जातात, विशेषतः अंगात पाणी कमी असताना. इंजेक्शन घेण्याआधी "मला सिकलसेल आहे" हे सांगाच. हायड्रोक्सियुरिया चालू असेल तर मनाने बंद करू नका. किडनी कमजोर झाली तर तिचा डोस डॉक्टरच बदलतात.

चेहरा किंवा पाय सुजले, लघवी कमी झाली, धाप लागली तर थेट जिल्हा रुग्णालय गाठा. डायलिसिस लागलंच तर ते महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतं. रेशनकार्ड आणि आधार सोबत असू द्या. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातही सिकलसेलचा समावेश आहे.

अजून तपासणीच केली नसेल, तर १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी केली जाते. आशाताईंना विचारा. पहिल्या साध्या चाचणीतून फक्त शंका कळते. वाहक की रुग्ण, हे पुढच्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीतच ठरतं. त्यामुळे तो दुसरा रिपोर्ट आल्याशिवाय पाठपुरावा सोडू नका.