सारीपाट, लुडो आणि उत्तरकृतीची निष्ठा

२०१६ च्या ऑक्टोबर महिन्यात पनवेलची १८५२ पासून चालत आलेली नगरपालिका संपुष्टात येऊन तिच्या जागी महानगरपालिका आली, आणि सिडकोने वसविलेली नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर ही वस्ती जुन्या गावाच्या नावाखाली एकत्र झाली. त्याच वर्षी शेजारच्या नवी मुंबईत गेमशन टेक्नॉलॉजीज या संस्थेने विकास जयस्वाल यांच्या पुढाकाराने ‘लुडो किंग’ नावाचा संगणकीय खेळ प्रसृत केला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तथापि दोहींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : मागाहून आलेल्या गोष्टीने आधीच्या गोष्टीचे नाव किंवा रूप घेतले, तर तिने त्या पूर्वगामी वस्तूशी कितपत इमान राखावे? नगराच्या बाबतीत हा प्रश्न भूगोलाच्या अभ्यासकांकडे सोपविणे इष्ट. खेळाच्या बाबतीत मात्र तो भाषेच्या अभ्यासकालाही टाळता येणार नाही. कारण खेळ हीही नियमांची एक व्यवस्था आहे, आणि तिचे जुने थर शब्दांतच अधिक सुरक्षित राहिलेले आहेत.

संगणकीय खेळांच्या जगात एका खेळाची ‘पुढची आवृत्ती’ निघाली की तिच्यावर दोन परस्परविरोधी आक्षेप येतात. ती मूळ खेळाहून फार दूर गेली, हा एक. आणि तिच्यात नवे काहीच नाही, हा दुसरा. हा वाद संगणकाबरोबर जन्मास आला असे समजण्याचे कारण नाही. सारीपाटापासून लुडोपर्यंतचा प्रवास पाहिला, तर तोच वाद शे-दीडशे वर्षांपूर्वी घडायला हवा होता आणि तो घडला नाही, एवढेच दिसून येते.

सारीपाटाचे स्वरूप येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण आजच्या विद्यार्थ्याने त्याचे नाव ऐकलेले असते, पट पाहिलेला असतोच असे नाही. फुलीच्या आकाराचा कापडी पट, त्याच्या चार भुजा, प्रत्येक भुजेत आठ-आठ घरांच्या तीन ओळी, आणि मधोमध सर्व सोंगट्यांचे अखेरचे घर. अशी एकूण घरे ९६. चार खेळाडू, प्रत्येकाच्या चार, म्हणजे एकूण सोळा सोंगट्या. परंतु हे चौघे चार नव्हेत. समोरासमोर बसणारे दोघे मिळून एक पक्ष होतो. पिवळा आणि काळा एकीकडे, लाल आणि हिरवा दुसरीकडे. फाशांनी खेळला तर तो चौसर किंवा चौपट; कवड्यांनी खेळला तर पचिसी. अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त चौपटीचे वर्णन केले आहे, तेथेही सोळा सोंगट्या, दोन पक्ष आणि तीन लांबट फासे आहेत, आणि फाशाच्या चार बाजूंवर एक, दोन, पाच व सहा असे ठिपके आहेत.

या ठिपक्यांचा मराठीशी निकटचा संबंध आहे. तीन फाशांपैकी दोहोंवर सहा-सहा व तिसऱ्यावर एक पडला, की ते दान ‘पौ’ आणि ‘बारा’, म्हणजेच पौबारा. भाग्याचे हे दान मराठीत ‘पोबारा’ झाले आणि पळून जाण्याच्या अर्थाने रूढ झाले. ज्याची सोंगटी एकदम तेरा घरे निसटते, त्याच्याकडे पाहणाऱ्याच्या दृष्टीने पळ काढणे आणि नशीब फळफळणे या गोष्टी फार भिन्न नाहीत. ‘दान पडणे’, ‘फासे उलटे पडणे’, ‘पट मांडणे’, ‘डाव उधळणे’ हे प्रयोग आज अशा माणसांच्या तोंडी आहेत की ज्यांनी फासा हाती धरलेला नाही. ‘सोंगटी’ हा शब्द तर बुद्धिबळाच्या व कॅरमच्या पटावरही जाऊन बसला. खेळ मागे पडला, शब्दांना मात्र नवी घरे मिळाली.

सारीपाट हा केवळ मनोविनोद नव्हता, हेही ध्यानी घेतले पाहिजे. वेरूळच्या एकविसाव्या व एकोणतिसाव्या लेण्यांत शिवपार्वती द्यूत खेळत बसलेली आहेत. जेजुरीच्या परंपरेतील एका प्रसिद्ध कथेत खंडोबा म्हाळसेबरोबर सारीपाट खेळतो, पण हरतो, आणि त्यामुळे त्याला घर सोडून बाणाईच्या घरी मेंढ्या राखाव्या लागतात. देवाला वनवास घडवील एवढे सामर्थ्य लोकमानसाने या खेळाच्या ठायी कल्पिलेले आहे. अर्थात शिल्पांतील द्यूत आणि उत्तरकालीन फुलीचा पट एकच, असे गृहीत धरता येत नाही. ई. बी. टायलर या मानवशास्त्रज्ञाने १८७९ साली मेक्सिकोतील ‘पातोली’ आणि आपली पचिसी यांच्यातील साम्यावरून पचिसीचा समुद्रापलीकडचा प्रवास सिद्ध करण्याचा यत्न केला होता. तो पुढील काळात सर्वमान्य झाला नाही. आकृती सारखी म्हणून वंश एक, हा तर्क शब्दांच्या व्युत्पत्तीत जितका घातक, तितकाच येथेही. शिवाय वैदिक द्यूतात फासे म्हणून बेहड्याची फळे होती. नलोपाख्यानात ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाखालीच नलाला अक्षहृदय देतो, आणि तत्पूर्वी त्या झाडाची पाने व फळे मोजून दाखवितो. फासा आणि कवडी ही आपणांस मूळ वाटणारी साधनेही अशा रीतीने कुणाची तरी उत्तरे आहेत. पूर्वकृतीला स्वतःचीही एक पूर्वकृती असते. निष्ठेची भाषा करणाऱ्याने ‘कोणाशी’ हे आधी सांगितले पाहिजे.

आता लुडोकडे वळू. १८९१ साली इंग्लंडात आल्फ्रेड कॉलियर याने या खेळाचे पेटंट घेतले. त्याआधीच अमेरिकेत ‘पार्चिसी’ या नावाने पचिसीचे एक रूपांतर विकले जात होते. १८७४ मध्ये ते नाव तेथे व्यापारचिन्ह झाले. या दोन रूपांतरांची तुलना उद्बोधक आहे. पार्चिसीने नाव राखले. परंतु ज्या पंचवीसच्या दानावरून ते नाव पडले ते दानच तिच्यात नाही, कारण कवड्या जाऊन ठोकळ्याचे दोन फासे आले. प्रत्यय गळून गेल्यावरही शब्दाच्या पोटात त्याची खूण राहावी, तसे हे आहे. लुडोने उलट केले. नाव लॅटिन घेतले आणि पटाची फुली तेवढी ठेवली. त्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘मी खेळतो’ असा होतो, प्रथमपुरुषी एकवचन. नामकरण करणाऱ्याच्या मनात काही असो, ते वचन नेमके पडले आहे. लुडोत पक्ष नाहीत. समोरचा भिडू हा भिडू राहिला नाही, तिघांपैकी एक शत्रू झाला.

हा बदल वरकरणी दिसतो त्याहून खोल आहे. सारीपाटात दोघांच्या आठही सोंगट्या घरी पोचल्याशिवाय डाव जिंकला जात नाही. म्हणून पुढे गेलेल्याने मागे राहिलेल्यासाठी थांबावे, चाल नाकारावी, प्रसंगी घराच्या तोंडाशी आलेली सोंगटी पुन्हा पटाभोवती फिरवून शत्रूची वाट अडवावी, अशा चालींना तेथे अर्थ होता. एका घरात दोन सोंगट्या आल्या की त्यांचा जुग होई, आणि जुग फोडणे न फोडणे हा विचाराचा विषय असे. लुडोत स्वतःच्या सोंगट्या पळविणे एवढेच उरल्यामुळे या साऱ्या चालींचा आधार गेला.

दुसरा बदल दानाचा. सहा कवड्या टाकल्या आणि प्रत्येक कवडी उताणी किंवा उपडी पडण्याचा संभव सारखाच मानला (खरी कवडी इतकी निःपक्षपाती नसते), तर एकूण ६४ शक्यतांपैकी तीन उताण्या पडण्याच्या शक्यता २०, दोन वा चार पडण्याच्या प्रत्येकी १५, एक वा पाच पडण्याच्या प्रत्येकी ६, आणि सर्व उताण्या किंवा सर्व उपड्या पडण्याची प्रत्येकी १ आहे. सर्व उपड्या पडल्या म्हणजे पंचवीस. एक उताणी पडली तर दहा. प्रांतपरत्वे या किंमती बदलतात. याचा अर्थ असा की शत्रूच्या पुढे तीन घरांवर उभे राहणे धोक्याचे, पाच घरांवर बरेच निर्धास्त. जाणता खेळाडू हे अंतर मोजूनच सोंगटी हलवीत असे. लुडोच्या एकट्या फाशात एकापासून सहापर्यंत प्रत्येक आकड्याचा संभव सहांत एक. पहिल्या फेकीपुरते पाहिले तर शत्रूच्या पुढे एक घर काय किंवा सहा घरे काय, भय तेवढेच. ऋतुपर्णाची गणनविद्या येथे जवळजवळ निरुपयोगी होते. कवड्यांच्या जागी ठोकळा आला तेव्हा साधन बदलले असे लोकांना वाटले. वस्तुतः व्याकरण बदलले.

या ठिकाणी सोस्यूरचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या व्याख्यानांत भाषेला बुद्धिबळाची उपमा दिलेली आहे : लाकडी मोहऱ्यांऐवजी हस्तिदंती घेतले तर व्यवस्थेला बाधा येत नाही, मोहऱ्यांची संख्या कमी-अधिक केली तर खेळाच्या व्याकरणालाच धक्का बसतो. या कसोटीने पाहता काळ्या सोंगटीची निळी होणे निरुपद्रवी आहे. कापडाचा पुठ्ठा झाला आणि पुठ्ठ्याची काच झाली, यांतही निष्ठाभंग नाही. पक्ष मोडणे व दानाचा समभार होणे, हा निष्ठाभंग आहे. आणि नवलाची गोष्ट अशी की तो कोणाच्या लक्षात आला नाही, कारण फुली जागच्या जागी होती. वाचकाचे व खेळाडूचे डोळे चित्रावर असतात.

यावर कोणी म्हणेल की मराठी ही महाराष्ट्री प्राकृताशी एकनिष्ठ राहिली नाही, म्हणून तिला कोणी दोष देत नाही. ही तुलना अर्धीच खरी आहे. भाषा हजारो तोंडांतून, कोणी न ठरविता बदलते. लुडो एका माणसाने कागदावर बसविला व व्यापाऱ्याने विकला. जेथे बदल हेतुपुरःसर आहे तेथे त्याचा जाब विचारता येतो. त्याचबरोबर न्यायही केला पाहिजे. सहा वर्षांच्या मुलाला आजीबरोबर बरोबरीने खेळता येईल असा खेळ सारीपाटातून निघाला, हे लुडोचे श्रेय आहे. ज्यात बुद्धी कमी लागते त्यात वयाचे अंतरही कमी होते.

परंतु बुद्धी कमी झाल्याची किंमत पुढे वेगळ्याच ठिकाणी द्यावी लागली. मोबाईलवर पैसे लावून लुडो खेळविणारी दालने निघाली, आणि २०२१ मध्ये अशा एका खेळासंबंधीची याचिका मुंबई उच्च न्यायालयापुढे आली. लुडो हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा तीत प्रश्न होता; कारण १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतो. हा प्रश्न पचिसीविषयी विचारला गेला असता तर वकिलांना कवड्यांचे गणित आणि जुगाचे डावपेच तरी दाखविता आले असते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन खेळांच्या कायद्याने पैशांच्या खेळांपुरता हा भेदच निकालात काढला : कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून ऑनलाइन खेळविण्यास बंदी.

‘लुडो किंग’ला या पार्श्वभूमीवर कोठे ठेवावयाचे? २०२० च्या टाळेबंदीत दूरदूर अडकलेली कुटुंबे त्याच्या पटावर एकत्र आली, आणि हे कार्य कापडी पटाला साधले नसते. त्याच दालनात सापशिडीही आहे. ज्या मोक्षपटाचा संबंध परंपरा ज्ञानेश्वरांशी जोडते, त्याची ती उत्तरकृती, आणि तिच्यात सापांची पापे व शिड्यांची पुण्ये केव्हाच पुसली गेली आहेत. लुडोच्या बाबतीत या कार्यक्रमाने आपल्या निकटच्या पूर्वजाशी, म्हणजे इंग्रजी खेळाशी, बहुतांशी इमान राखले आणि दूरच्या पूर्वजाची चौकशी केली नाही. पुढे सहा जणांना खेळता यावे म्हणून त्यात सहा भुजांचा पटही आला. कॉलियरने सोडली नव्हती ती फुली येथे सुटली. कठोर टीकाकार हीच गोष्ट सर्वांत आक्षेपार्ह मानील. वास्तविक ती सर्वांत किरकोळ आहे.

खरा भेद अन्यत्र आहे. सारीपाटाचे नियम कोठेही एकसारखे नव्हते. पहिले दान कोणते पडल्यावर सोंगटी बसवावयाची, जुग मारता येतो की नाही, फुलीच्या घरात आश्रय किती, हे डाव मांडण्यापूर्वी बोलून ठरत असे, आणि डाव रंगात आल्यावर त्यावरून भांडणही होई. पुठ्ठ्याच्या लुडोनेही ही मुभा काढून घेतली नव्हती. छापील नियमांचा कागद हरवला की प्रत्येक घर आपापले नियम करी, आणि कित्येक घरांत एका घरातल्या दोन सोंगट्यांना मारायचे नाही हा जुना संकेत, जुग हे नाव विसरूनही, पाळला जाई. संगणकीय कार्यक्रमाशी असे बोलता येत नाही. त्याने दिलेल्या पर्यायांपैकी एक निवडता येतो. न दिलेला मागता येत नाही. पनवेलहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये एकच मोबाईल चौघांच्या हातांतून फिरत असतो, फासा बोटाच्या स्पर्शाने आपोआप फिरतो, आणि सोंगटी नियमाबाहेर जाऊच शकत नसल्यामुळे हरकत घेण्याचा प्रसंग येत नाही.