दुःखाच्या गाण्याची बिदागी

शिरूर-दौंडकडे दशक्रिया असली की घोडनदीच्या नाहीतर भीमेच्या घाटावर सकाळीच शे-दोनशे माणसं जमतात. एकीकडे पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहणं चालतं, दुसरीकडे मांडवात महाराजांचं प्रवचन, टाळ-मृदंग, मग पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं. महाराजांना पाकीट जातं, पखवाजवाल्यालाही जातं. त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पण गावात अपघात झाला, खून झाला आणि राख निवायच्या आत मृताच्या फोटोसकट ‘श्रद्धांजली गीत’ मोबाईलवर आलं की पोटात ढवळतं. असं का, याचं उत्तर या गाण्याच्या कुळात सापडतं.

कुळाच्या मुळाशी ओवी आहे आणि तिला मोल नव्हतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या गटाने पुणे जिल्ह्यात आणि बाहेरही हिंडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या टिपल्या; त्यात शिरूर तालुक्यातलं सविंदणेही आहे. गेलेल्या आईचं, भावाचं दुःख बाईने जात्याला सांगितलं, ऐकायला फार तर शेजारीण.

दुःखाला बिदागी मिळाली ती पोवाड्यात. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि शाहिरांनी त्यावर पोवाडे रचले. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा संग्रह छापला, त्यात असे मृत्यू आणि पराभव भरपूर आहेत. शाहीर पोटासाठीच गात होता, हे लपवायचं कारण नाही. मात्र तो उभा राहायचा तो त्या घटनेने पोळलेल्या लोकांपुढे. चुकीचं नाव घेतलं, एखाद्या घराण्याला बट्टा लावला, तर डफ तिथेच थांबायचा.

ही अट तमाशानेही बऱ्याच अंशी पाळली. चैत्रात नारायणगावच्या राहुट्यांवर गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. वगात खून, दरोडा, फसलेली सून असं सगळं असतं, पण ज्या गावात तंबू लावायचा तिथली जखम उकरणं फडमालकाला परवडत नाही. पुढच्या वर्षीची सुपारी जाते. शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर यांनी फडांसाठी लावण्या, वग लिहिले, आणि हुंडा, व्यसन यांवरही गाणी केली. राज्य सरकारचा २०१८ चा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. हुंड्यावर लिहिणाऱ्याला हुंड्यापायी लेक गमावलेला बाप त्याच बाजारात भेटतो. शब्द आपोआप जपून येतात, असं मला वाटतं.

गाणारा आणि रडणारा यांची ताटातूट केली ती छापखान्याने आणि तबकडीने. इंग्लंडमध्ये १८२८ साली विल्यम कॉर्डर या खुन्याला फाशी झाली, तेव्हा त्याच्या ‘अखेरच्या शब्दां’चे छापील कागद रस्त्यावर विकले गेले, दहा लाखांहून जास्त खपले, असं सांगतात. दौंडसारख्या जंक्शनच्या माणसाला अमेरिकेतली गोष्ट लवकर कळेल. २७ सप्टेंबर १९०३ ला व्हर्जिनियात ‘ओल्ड ९७’ ही टपालगाडी पुलावरून कोसळली, अकरा माणसं गेली. १९२४ मध्ये व्हर्नन डालहार्टने त्या अपघाताचं गाणं गायलं आणि त्याच्या लाखो तबकड्या खपल्या. पुढे खटला गाजला तो हे गाणं मुळात कुणी रचलं यावर, थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत.

आपल्याकडे कॅसेट आली आणि मग यूट्यूब. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवाम्यात चाळीस जवान गेले. दोन आठवडे होत नाहीत तोच मुंबईत निर्माते सिनेमांची नावं नोंदवायला धावले. गावपातळीवरही चाल तीच आहे. व्हिडिओच्या चौकटीवर गेलेल्या पोराचा फोटो, शेजारी गायकाचा त्याहून मोठा. खाली गीत, संगीत, ध्वनिमुद्रण यांची नावं आणि ‘कार्यक्रमासाठी संपर्क’ म्हणून नंबर. आईचं रडणं बातमीतून कापून मधे घातलेलं. पैसे देणारा जाहिरातदार, ऐकणारा कुठला तरी अनोळखी. ज्या घरात माणूस गेला, त्या घराला ‘थांबा’ म्हणायला जागाच उरलेली नाही. ढवळतं ते यामुळे. मला हे निव्वळ लुबाडणं वाटतं.

लोकांच्या शोकावर लाखोंनी खपलेलं गाणं स्वच्छही असू शकतं. डायानाच्या अंत्यविधीला, ६ सप्टेंबर १९९७ ला, एल्टन जॉनने गायलेल्या गाण्याच्या तीन कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या आणि मिळकत तिच्या स्मृतिनिधीला गेली. तो हिशेब जगाला ठाऊक होता.

तेव्हा आपल्या भागातल्या गाणाऱ्या पोरांना माझं सांगणं एवढंच आहे. गाणं करा, पण आधी त्या घरी जा, उंबऱ्याशी बसा, विचारा. ‘नको’ म्हणाले तर वही मिटा. ‘कर’ म्हणाले तर पैसे कुणाच्या खात्यात जाणार ते व्हिडिओखाली लिहा, तुमच्या नंबरच्या वर. आणि ऐकणाऱ्यांनो, तसं लिहिलेलं नसेल तर ते गाणं पुढे पाठवू नका.