'ओ' आहे ना? मग...
आमच्या बीडकडे पेशंटला रक्त लागलं आणि गट 'ओ' निघाला की नातेवाईक निर्धास्त. पण १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत सापडलेल्या एका निराळ्याच गटाबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. तोच हा बॉम्बे ग्रुप. 'ओ'वाल्यांच्याही रक्तपेशींवर असणारा एच अँटिजेन या लोकांकडे नसतो. नुसत्या पेशी तपासल्या तर रिपोर्ट येतो 'ओ'! (अर्धवट टेस्टिंग... आमच्या धंद्यातही हेच चालतं.) मग 'ओ' रक्त चढवलं की अँटिबॉडीज त्यावर तुटून पडतात, जीवही जाऊ शकतो. सीरमही तपासलं, क्रॉसमॅच नीट केलं, की चूक सापडते. भारतात असे लोक साधारण दहा हजारांत एक. २०११च्या जनगणनेत बीड जिल्हा २५ लाखांवर, म्हणजे अडीचशेच्या आसपास निघतील. त्यातल्या कितींना हे ठाऊक असेल?