पाठीवरचे बिऱ्हाड, मागची गाडी

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी म्हण आपल्याकडे आहे. तिचा अक्षरशः प्रत्यय आम्हांस काही वर्षांपूर्वी अमेरिकेत मुलाकडे गेलो असता आला. महामार्गालगतच्या एका तळावर एक पिकअप ट्रक उभा होता. त्याच्या हौद्यात ओटा, बिछाने व पाण्याची टाकी यांसह एक अख्खी खोली बसविलेली होती. आणि तेवढ्यावर न थांबता मागे होडी लादलेला ट्रेलरही जोडलेला होता. या खोलीस तिकडे ट्रक कॅम्पर म्हणतात. ती हौद्यात सरकवून बसवितात आणि मुक्कामी टेकूंवर उभी करून ट्रक मोकळा करतात. हा दुहेरी भार एकच वाहन कसे पेलते, या कुतूहलापोटी आम्ही त्याचा इतिहास चाळला.

भरल्या गाडीमागे आणखी गाडी जोडण्याची रीत मोटारीहून जुनी आहे. कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅली या रखरखीत खोऱ्यातून १८८३ ते १८८९ या काळात टाकणखार मोहावी येथील रेल्वेस्थानकापर्यंत नेला जाई. अंतर १६५ मैल, प्रवास सुमारे दहा दिवसांचा. अठरा खेचरे व दोन घोडे मिळून एकामागे एक जोडलेल्या तीन गाड्या ओढीत. पहिल्या दोन मालाच्या; तिसरी साडेचार हजार लिटर पाण्याची टाकी. सारा भार सुमारे ३३ टन. मात्र प्रत्येक गाडी आपले वजन आपल्याच चाकांवर वाही. पुढच्या गाडीवर येई ती केवळ ओढ.

मोटारीमागचा ट्रेलर आला आणि हे गणित बदलले. त्याची दांडी पुढच्या वाहनावर टेकते. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी दहा ते पंधरा टक्के भार दांडीवर असावा, असा नियम अनुभवाने ठरला. भार त्याहून कमी झाला तर ट्रेलर वेगात शेपटीसारखा डोलू लागतो. हे आपल्या गाडीवानांस निराळे सांगावे लागत नसे. माल मागे सरकला की बैलगाडी उलाळते आणि पुढे सरकला की जू बैलांच्या मानेवर दाबते, हे त्यांना ठाऊक होते.

विमानविद्येतील एक आद्य पुरुष ग्लेन कर्टिस यांनी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘एरोकार’ नावाचा ट्रेलर काढला. त्यांनी त्याची दांडी मोटारीच्या शेपटाकडे न जोडता थेट मागच्या आसाच्या वर टेकविली. पुढे पिकअप ट्रकच्या हौद्यात टेकणारे मोठे निवासी ट्रेलर याच तत्त्वावर निघाले. ओझे आसाच्या वर असले की वाहन स्थिर राहते.

पण हीच जागा कॅम्परनेही व्यापली. कादंबरीकार जॉन स्टाइनबेक १९६० मध्ये अशाच एका ट्रकमधून, चार्ली नावाच्या कुत्र्यासह, देश पाहण्यास निघाले. ट्रकचे नाव त्यांनी डॉन किहोटेच्या घोड्यावरून ‘रोसिनांते’ ठेवले होते. त्या प्रवासाचे पुस्तक १९६२ मध्ये निघाले. मुळे धरून राहण्याची माणसाची गरज आपण अवाजवी तर मानली नाही ना, असा प्रश्न त्यांना त्या प्रवासात पडला. पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात मुळे धरून राहिलेल्या आपल्यासारख्यांना तो विचारात पाडणारा आहे. तो ट्रक आज सॅलिनास येथील स्टाइनबेक केंद्रात जतन केलेला आहे.

स्टाइनबेक यांनी मागे ट्रेलर जोडला नव्हता. जो जोडतो, त्याच्यापुढे खरी अडचण येते. हौदा घराने भरलेला आणि घराचा मागचा भाग ट्रकच्याही बाहेर आलेला. मग जोडकडी लांबवावी लागते. समजा, ट्रकच्या दोन आसांत चार मीटर अंतर आहे व दांडीचा भार २५० किलो आहे. जोडकडी मागच्या आसापासून १.२ मीटरवर असेल, तर पुढची चाके ७५ किलोंनी हलकी होतात. तीच २.४ मीटरवर नेली, तर दीडशे किलोंनी. पुढची चाके हलकी झाली की सुकाणूची पकड सैल होते. शिवाय पुढून उचललेला भार मागच्या आसावर येतो, आणि तेथे कॅम्परचे वजन आधीच असते. त्यात भरलेल्या टाकीतील पाणी, लिटरला एक किलो या हिशेबाने, पुष्कळांच्या ध्यानीच येत नाही. तात्पर्य, आसावरची उत्तम जागा एकच असते; तेथे काय ठेवावे आणि काय घरीच सोडावे, हे निघण्यापूर्वी ठरवावे लागते.

आमची सारी सेवा बदल्यांत गेली. एका बदलीच्या वेळी ट्रकमध्ये जागा उरली नाही, म्हणून आजोबांचे मोडी दप्तर असलेली पेटी आम्ही मागे ठेवली. पुढच्या खेपेस नेऊ, असे म्हटले होते. तीन वर्षांनी गेलो तेव्हा पेटी उघडताच वाळवीची माती हाताला लागली. आमचे घराणे या मुलखात केव्हा व कोणाबरोबर आले, याची नोंद त्या कागदांत होती. त्याच ट्रकमध्ये आम्ही एक लोखंडी कपाट मात्र आवर्जून नेले होते. ते आजही आमच्याकडे आहे, आणि त्यात ठेवण्याजोगे फारसे काही नाही.